छोटी मोटार दारात आणताना



आमच्या वसाहतीत महापालिकेचे कामगार राहतात, परिचारिका राहतात, कंडक्टर, शाळेतील शिपाई आणि आमच्यासारखे कारकून राहतात. आमच्या लहानपणी या वसाहतीत मोटार आली म्हणजे एकतर डॉक्टर आला किंवा निवडणूक आली, असे समजावे. आज संध्याकाळी फेरी मारली तर अकरा मोटारी उभ्या दिसतात. त्यांतील नऊ छोट्या, आणि बहुतेक कर्जावर घेतलेल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण या अकरांपैकी चार गाड्या आठवडाभर जागच्या हलत नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता हलतो.

घरात गाडीचा विषय निघाला की सगळे किंमत विचारतात. खर्च किती, हे फार थोडे विचारतात. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे आणि पोटापाण्याने कारकून. आकडे एकाखाली एक मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

पण आधी थोडा इतिहास पाहू. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. हे गृहस्थ कोणी कारखानदार नव्हते, इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. गाडीची किंमत होती ४७,५०० रुपये. तोपर्यंत रस्त्यावर मुख्यतः दोनच मोटारी दिसत. एक अॅम्बॅसडर आणि दुसरी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. त्यासुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळत. मारुतीने नोकरदार माणसाला पहिल्यांदा मोटारीच्या दारापर्यंत आणले. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले, तोवर देशात २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

ही गाडी इतकी का चालली, याचा विचार आपण करावा. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, अगदी साधे. त्याच घराण्याचे इंजिन ओम्नीत होते, २००० साली आलेल्या अल्टोत होते आणि अल्टो ८०० मध्ये ते २०२३ पर्यंत चालले. चाळीस वर्षे जवळजवळ एकच इंजिन! त्यामुळे तालुक्याच्या गावी झाडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीलाही ते पाठ झाले, आणि त्याचे सुटे भाग खतांच्या दुकानाशेजारच्या स्पेअर पार्टवाल्याकडेही मिळू लागले. कसारा घाटात गाडी तापून बंद पडली तरी इगतपुरीत संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त होऊन पुढे नाशिककडे निघे.

आमच्या मते भरवशाच्या गाडीचा अर्थ हाच. कधीच बिघडणार नाही अशी गाडी अजून कोणी बनवलेली नाही. जी बिघडली तर आपल्याच नाक्यावरचा मिस्त्री, आपल्या खिशाला झेपेल अशा पैशात, त्याच दिवशी उभी करून देतो ती भरवशाची. तेव्हा शोरूममध्ये जाण्यापूर्वी गॅरेजमध्ये जा. मनात जी गाडी आहे तिची क्लच प्लेट कितीला पडते, पुढचे शॉकअप कितीला, पुढचा दिवा फुटला तर किती, आणि हे सामान आज मागितले तर आज मिळते का, एवढे चार प्रश्न विचारा. ही माहिती शोरूममधला टायवाला मुलगा देणार नाही.

स्वस्त गाडीची दुसरी कहाणी नॅनोची. पावसात एका स्कूटरवर नवरा-बायको आणि मुले भिजत चाललेली पाहिली आणि या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत असत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती दाखवली गेली. एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजावाजा झाला. कारखाना पश्चिम बंगालमधील सिंगूरहून गुजरातेत साणंदला हलवावा लागला, २०१० मध्ये काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिच्या कपाळी बसला. तो शिक्का बसू द्यायला नको होता, असे पुढे खुद्द टाटांनीच बोलून दाखवले. २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबले. आम्हांला या गाडीबद्दल आजही आपुलकी वाटते. एका मोटारसायकलवर चार जिवांनी बसणे कायद्याला मान्य नाही आणि शहाणपणालाही नाही, हे त्या माणसाने ओळखले होते. पण कष्टकरी माणूससुद्धा आयुष्यात एकदाच मोटार घेतो, आणि ती 'गरिबाची मोटार' म्हणून ओळखली जावी असे त्याला वाटत नाही. यात चूक काय?

असो. आता वही उघडू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा वस्तू व सेवा कर कमी झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के कर आणि वर १ टक्का उपकर होता; तो १८ टक्के झाला. म्हणजे मूळ ३ लाखांची गाडी पूर्वी ३,८७,००० ला पडे ती ३,५४,००० ला पडू लागली. ३३ हजारांचा फरक ही आपल्याकडे थोडीथोडकी रक्कम नव्हे. मात्र जाहिरातीतली किंमत ही शोरूमच्या उंबरठ्याच्या आतली किंमत असते. वैयक्तिक नावावरच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो. ३,७०,००० च्या गाडीला तोच ४०,७०० होतो. वर विमा, नोंदणी, फास्टॅग, आणि 'अॅक्सेसरीज' नावाचा एक गोड गळफास. सीट कव्हर आणि पायपुसणी बाहेरच्या दुकानात घ्या.

समजा, असे सगळे मिळून गाडी रस्त्यावर आली आणि तिच्यासाठी ३ लाखांचे कर्ज काढले. व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता बसतो ६,३७४ रुपये. गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालली, लिटरला १८ किलोमीटर धावली आणि पेट्रोल १०० रुपये धरले तर पेट्रोलचे २,८०० रुपये. विमा वर्षाला १२,००० धरा, म्हणजे महिन्याला १,०००. सर्व्हिसिंग ५००. चार वर्षांनी चार टायर आणि एक बॅटरी लागते, त्याचे दरमहा ३५० बाजूला काढा. सोसायटीचे पार्किंग ५००. बेरीज ११,५२४ रुपये. पाचशे किलोमीटरने भागा. दर किलोमीटरला २३ रुपये पडतात.

आता गंमत पाहा. मुंबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दराने काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये घेते. म्हणजे महिन्याला ५०० किलोमीटर फिरूनही, कर्ज फिटेपर्यंत, स्वतःची गाडी टॅक्सीपेक्षा महाग! आणि गाडी २०० किलोमीटरच चालली तर? पेट्रोल ११०० वर येते, बाकीचे खर्च तिथेच राहतात. बेरीज ९,८२४ आणि दर किलोमीटरला ४९ रुपये. आमच्या वसाहतीतील त्या चार न हलणाऱ्या गाड्या या खात्यात मोडतात.

गावाला जाण्यासाठी गाडी हवी, असे पुष्कळ बंधू सांगतात. वर्षातून दोन-तीनदा गावी जायचे असेल तर एसटीचा हिशेबही करून पाहावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आई, पत्नी आणि मुलगी घेऊन निघालेल्या माणसाला एसटी किती स्वस्त पडते, हे त्याने कागदावर लिहूनच पाहावे. 'रात्रीबेरात्री दवाखाना' हे दुसरे कारण. त्यासाठी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे. तिच्यात प्राणवायू आणि डॉक्टर असतो, आपल्या डिकीत स्टेपनी असते.

मग आम्ही मोटारीच्या विरुद्ध आहोत काय? मुळीच नाही. आमच्या इमारतीत एक बंधू आहेत, त्यांच्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. जाऊन-येऊन २४ किलोमीटर. डायलिसिसनंतर ती माऊली इतकी गळून जाते की बसच्या पायरीवर पाय ठेववत नाही, आणि रुग्णालयाबाहेर टॅक्सीसाठी उभे राहणे हीच एक शिक्षा. महिन्याच्या तेरा फेऱ्या, ३१२ किलोमीटर. टॅक्सीचे साडेसहा हजारांच्या आसपास जात होते. त्यांनी दीड लाख रोख देऊन जुनी, चांगल्या स्थितीतील छोटी गाडी घेतली. कर्ज नाही. पेट्रोल १,७३०, विमा ५००, दुरुस्ती १,२००, टायर-बॅटरीचे ३५०, पार्किंग ५००, एकूण ४,२८०. महिन्याला दोन हजारांवर वाचतात, आणि गाडी विकली तर काही पैसे परतही येतील. याला आम्ही गरज म्हणतो. ज्यांची पाळी पहाटे सुटते त्यांची, ज्यांच्या घरी अपंग मूल आहे त्यांची, आठवडी बाजारात माल घेऊन जाणाऱ्या भगिनींची गरजही अशीच खरी आहे.

कर्जाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या ओळखीच्या एका कंडक्टर बंधूंना एका खासगी वित्तसंस्थेच्या माणसाने सांगितले, "व्याज दहाच टक्के, बँकेइतकेच." बंधूंनी सही केली. हप्ता आला ७,५०० रुपये! कारण ते दहा टक्के 'फ्लॅट' होते. ३ लाखांवर पाच वर्षे, दरवर्षी ३० हजार, एकूण दीड लाख व्याज. यात तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच चालू राहते. बँकेच्या पद्धतीत ते उरलेल्या रकमेवर लागते, म्हणून त्याच दहा टक्क्यांत व्याज होते ८२,४४६. फरक साडेसदुसष्ट हजारांचा. फ्लॅट १० टक्के म्हणजे बँकेच्या भाषेत सव्वासतरा टक्के. तेव्हा व्याजाचा दर विचारत बसू नका, "पाच वर्षांत एकूण किती रुपये भरायचे?" एवढेच विचारा, आणि आकडा लिहून मागा. या बंधूंचे तीन हप्ते थकले तेव्हा वसुलीवाले घरी आले, आणि ते मुलीच्या बारावीच्या परीक्षेचे दिवस होते.

जुनी गाडी घेताना

आपल्यापैकी पुष्कळांना जुनी गाडीच परवडते, आणि आमच्या मते तीच घ्यावी. पण डोळे उघडे ठेवून घ्यावी. गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले पाहिजे. धुराड्यातून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खाते आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जळते आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून खालची बाजू पाहा. तिथे दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र झाले असण्याचा संभव आहे. आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर असल्याशिवाय सौदा करू नका. त्याला पाचशे रुपये द्या, चहा पाजा.

मुंबई-ठाण्यात आणि कोकण-कोल्हापूरकडे पुरात बुडालेल्या गाड्यांची भीती असते. २६ जुलै २००५ च्या महापुरात किती मोटारी पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले आहे. बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवरीसारखी सजवता येते, पण काही जागा धुणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाकडे गाळाची रेघ दिसते का पाहा. गालिचा उचला. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, दिव्यांच्या काचेत आतून दमटपणा, बंद गाडीत कुबट वास, ही सारी पुराची खूण.

ज्या कंपन्यांनी भारतात गाड्या विकणे थांबवले त्यांच्या गाड्या बाजारात फार स्वस्त मिळतात. शेवरलेटची विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, डॅटसन २०२२ मध्ये गेली. गाड्या वाईट नव्हत्या. पण दार बदलायची वेळ आली की भंगार बाजार पालथे घालावे लागतात. आपल्यासारख्यांनी त्या मोहात पडू नये.

वयही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते, पण १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वर पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी 'फक्त साठ हजारांत' मिळते त्यामागे हे कारण असते.

कागदपत्रांत आपली माणसे फार भोळी. नोंदणी पुस्तकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. त्यावर कुठल्या बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेले ई-चलान तपासा. आणि गाडी लगेच नावावर करून घ्या. "नंतर करू, तू वापर" हे वाक्य विकणाऱ्यालाही महागात पडते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांना विकली असली तरी आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत त्याच्याबरोबर जाते, ती आपल्याला मिळत नाही. आणखी एक. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी लग्नसराईत भाड्याने फिरवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

सुरक्षिततेचा मुद्दा आपण हप्त्याच्या नादात विसरतो. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर चाचणी घेतली. त्यात अल्टो होती, नॅनो होती, आणखी तीन होत्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर कायदा कडक झाला. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या माणसाचीही सक्तीची झाली. ब्रेक लॉक न होऊ देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आली. म्हणून जुनी गाडी घेताना, परवडत असेल तर, २०१९ नंतरची पाहावी. पंचवीस-तीस हजार जास्त गेले तरी चालतील, सीट कव्हरवर वाचवा. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. आजीला तो आवडत नाही हे आम्ही जाणतो.

लग्नाच्या बैठकीत हल्ली एक वाक्य ऐकू येते, "आम्हांला काही नको, मुलाला तेवढी गाडी घेऊन द्या." हा हुंडा आहे. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मुलीच्या बापाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून जावयाच्या दारात गाडी उभी करायची आणि तिचे पेट्रोल जावयाला परवडत नाही म्हणून ती तिथेच गंजायची, असा प्रकार आम्ही गेल्याच वर्षी पाहिला. बैठकीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय निघताच उठून यावे.

गाडी नियमित चालवली तरच टिकते. महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतात, उंदीर वायरी कुरतडतात. वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला ऑइल, पंधरा दिवसांनी टायरची हवा, पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर, एवढे ज्याच्याकडून होते त्याची छोटी गाडी दहा-बारा वर्षे सहज साथ देते. सीएनजी असेल तर दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी चुकवू नये.

आणि गाडी घरातल्या एकाच पुरुषाच्या हाती राहू नये. १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आमच्या वसाहतीतील एका परिचारिका भगिनीने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकली. पहिल्या आठवड्यात कचराकुंडीला धडक दिली, लोक हसले, तिने शिकणे सोडले नाही. आता रात्रपाळी संपवून ती स्वतः गाडी चालवत घरी येते. रविवारी कुटुंब बाहेर निघते तेव्हा चाकावर तीच असते. तिच्या यजमानांना अजून गाडी येत नाही. ते शेजारी बसून वळणे सांगतात, आणि बहुधा चुकीची सांगतात.